अनवाण्यांचं घर

झेलिंदाचे बूट जिन्यात वाजले की आमच्या इमारतीत सगळ्यांना कळायचं, बाईसाहेब निघाल्या. पाव आणायला जायचं तरी टाचेचे बूट, कचरा टाकायला खाली उतरायचं तरी टाचेचे बूट. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी सपाट चपला घालायला सांगितल्या, तर हिनं डॉक्टरच बदलला. मी समोरच्या दारात राहते. नवरा गेल्यापासून मला वेळच वेळ आहे आणि जीभ मुळातच तिखट. मी म्हणायची, "झेलिंदा, तुला या बुटांसकट पुरतील, आणि शेजारच्या कबरीतले लोक उठून म्हणतील, बाई, जरा हळू चाला, झोपलोय आम्ही." ती हसायची नाही. बाकी कशाचीही थट्टा केलेली तिला चालायची, बुटांची चालत नसे.

आमचं शहर पोलादाच्या कारखान्याचं. युद्धानंतर कारखान्यानं हाक मारली आणि आजूबाजूच्या डोंगरांवरची गावंच्या गावं खाली उतरली. त्यामुळे इथे नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न हाच, कुठल्या डोंगरावरचे? माझ्या बापजाद्यांनी कोळसा पाडला, हे सांगायला मला कधी अडचण पडली नाही. झेलिंदा मात्र म्हणायची, आम्ही डोंगरावरचे नव्हे. वडील रोमच्या बाजूला स्टेशनमास्तर होते आणि आई मुलींना भरतकाम शिकवायची. आमच्या क्लबचा सेक्रेटरी ओत्तोरिनो रेल्वेत गार्ड होता, त्यानं एकदा विचारलंही, कुठलं हो स्टेशन? ती म्हणाली, ते आता बंद झालं. तिचं बोलणं शुद्ध, पुस्तकातल्यासारखं. आम्ही तोंड उघडलं की डोंगर बाहेर पडायचा, तिच्या तोंडून कधी एक खडा पडला नाही. नाकानं कांदे सोलते म्हणून क्लबातल्या बायका तिला नावं ठेवायच्या, मीही त्यांत होते. पण मला ताप आला तेव्हा सूप घेऊन रोज तीच यायची, हेही सांगायला हवं.

तिचा नवरा कारखान्यात फोरमन होता, तो वारला. मुलानं लग्न केलं ते औषधांचं दुकान असलेल्या घराण्यातल्या मुलीशी. लोरेदाना तिचं नाव. मुलगी मनानं चांगली, पण जन्मात कशाची ददात न पाहिलेली. झेलिंदा या सुनेशी फार जपून वागायची. सून जेवायला येणार असली की सकाळपासून टेबलावरच्या कापडाच्या सुरकुत्या काढत बसायची.

आमचा म्हाताऱ्यांचा क्लब दर वर्षी मे महिन्यात एका दिवसाची सहल काढतो. सकाळी बस, दुपारी भरपेट जेवण, संध्याकाळी येताना बसमध्ये बक्षिसांची सोडत. त्या वर्षी लोरेदानानं सासूला मातृदिनाची भेट म्हणून स्वतःचं आणि तिचं तिकीट काढलं. जायचं होतं तळ्यावर. बस सुटली, आणि शहराबाहेर पडल्यावर ओत्तोरिनोनं मायक्रोफोन हातात घेऊन सांगितलं, तळ्याच्या रस्त्यावर दरड कोसळली आहे, तेव्हा आपण रोक्कास्पिनाला जाऊ, तिथलं हॉटेल त्याच्या मेहुण्याच्या ओळखीचं आहे. बसमध्ये टाळ्या पडल्या. रोक्कास्पिना हल्ली फार नावाजलेलं. तटबंदी शाबूत, वेशी शाबूत, एक दगड इकडचा तिकडे झालेला नाही म्हणून लोक परदेशातून बघायला येतात.

झेलिंदा माझ्या पुढच्या सीटवर होती. ती एकदम उठली आणि म्हणाली, मला उतरायचंय, गरगरतंय. लोरेदानानं तिला हात धरून बसवलं, खिडकी उघडली, पाणी दिलं. वर हवा छान आहे आई, बरं वाटेल तुम्हाला. बस घाटाला लागली होती. झेलिंदा बसली ती डोळे मिटूनच.

रोक्कास्पिनाला बस वरच्या वेशीपाशी थांबते आणि तिथून गल्ली खाली विहिरीच्या चौकात उतरते. ती गल्ली म्हणजे शिक्षाच. शतकानुशतकं पाय घासून दगड काचेसारखे गुळगुळीत झालेले, आणि उतार असा की वरून सोडलेलं लिंबू चौकात जाऊन थांबावं. आम्ही सगळे भिंतीला हात लावत, एकमेकांना धरत निघालो. मी ओत्तोरिनोचा दंड पकडला होता. आणि तेवढ्यात मला पुढे झेलिंदा दिसली. टाचेचे बूट घालून ती कुणालाही न धरता उतरत होती. सरळ नाही, तिरकी. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पुन्हा त्या भिंतीपासून या भिंतीपर्यंत, पावलं जरा बाहेर टाकत. एका ठिकाणी तिनं खाली न बघता पाय उचलला आणि एक दगड ओलांडला. मी त्याच दगडावर पाय ठेवला, तो डुगडुगला, आणि मी सपशेल बसकण मारली.

लोक हसले, मीही हसले. पण बसल्या जागेवरून मी झेलिंदाकडे पाहिलं, आणि तिनं नजर चुकवली. माझी जीभ चुरूचुरू चालते हे खरं, पण त्या वेळी मी गप्प राहिले. डोंगरावरच्या पोरी कशा उतरतात ते मला कुणी शिकवायला नको.

गाइड म्हणून एक तरतरीत पोरगी मिळाली होती. तिनं चौकाच्या अलीकडे एका अरुंद घरापाशी आम्हाला थांबवलं. आमच्या भागात घराण्याला आडनावानं कुणी ओळखत नाही, आडनाव ते सरकारच्या कामाचं. गावात प्रत्येकाचं एक टोपणनाव असतं, बाप-आजापासून आलेलं, आणि ते चांगलंच असेल असं नाही. रोक्कास्पिनाच्या कमिटीनं आता घराघराच्या दारावर त्या त्या टोपणनावाची चिनी मातीची टाइल लावली आहे. लांडगेमारे, मीठचोर, रात्रीचे भटके. या घरावरच्या टाइलवर दोन उघडी पावलं रंगवली होती आणि खाली लिहिलं होतं, अनवाण्यांचं घर.

पोरीनं गोष्ट सांगितली. बाप मेंढक्या, बायको मेलेली, पदरात मुलीच मुली आणि घरात बुटांचा एकच जोड. रविवारी एक मुलगी बूट घालून चर्चला जायची, परत येताना विहिरीपाशी ते काढायची, मग दुसरी घालून जायची. पाद्रीबाबा बिचारे दर वेळी नव्यानं प्रार्थना सुरू करायचे. आणि एके दिवशी धाकटीनं काय केलं? बूट पायात चढवले आणि ते घेऊन पळाली ती कायमची. तेव्हापासून त्या घरातलं कुणी चर्चला गेलं नाही.

पोरगी सांगायची फार झकास. आम्ही खो खो हसलो. ओत्तोरिनोनं डोळे पुसले. लोरेदानानं मला फोन दिला आणि टाइलखाली उभी राहून, आपला बूट काढून, रंगवलेल्या पावलांकडे बोट दाखवत फोटो काढून घेतला. आणि झेलिंदा हसत होती. कधी नव्हे ती मोठ्यांदा, तोंडावर हात न ठेवता, आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त.

समोरच्या दारात वेताच्या खुर्चीवर एक म्हातारी बसली होती. अंगावर काळा झगा, मांडीवर टोपली, टोपलीत वालाच्या शेंगा. तिचं नाव पाल्मिरा, ते मला मागाहून कळलं. तिथे येणारे लोक तिचाही फोटो काढतात, तीही काढू देते आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारते, "कुनाची गं तू?" लोकांना गंमत वाटते. आम्हाला गंमत वाटत नाही, कारण आमच्याकडे म्हातारी माणसं असंच विचारतात आणि तुम्ही घराण्याचं टोपणनाव सांगितलं की त्यांचं समाधान होतं. मला विचारलं तसं मी सांगितलं, पलीकडच्या डोंगरावरच्या कोळशेवाल्यांची. तिनं मान हलवली. "ठावं हायेत. नाचरी मानसं." आजोबा खरंच नाचायचे.

मग तिनं झेलिंदाकडे पाहिलं. आधी पायांकडे, मग तोंडाकडे, मग पुन्हा पायांकडे.

"आन् तू कुनाची?"

"मी बाहेरची आहे, बाई," झेलिंदा तिच्या त्या शुद्ध भाषेत म्हणाली. "रोमच्या बाजूची."

"तिरपी उतरलीस. बगत व्हते म्या."

"बुटांमुळे. टाचा आहेत ना."

लोरेदाना मध्ये पडली, आपली भाबडेपणानं. म्हणाली, आमच्या सासूबाईंचे वडील स्टेशनमास्तर होते, त्या इकडे कधीच आल्या नाहीत. म्हातारीनं एकदा तिच्याकडे, एकदा झेलिंदाकडे पाहिलं. मग म्हणाली, "आसं व्हय. माजं डोळं गेल्यात, पोरी. मानूस वळकू येत न्हाई." आणि पुन्हा शेंगा सोलू लागली. झेलिंदाची मान कानांपर्यंत लाल झाली होती. काही हरकत नाही, होतं असं कधीकधी, असं म्हणून ती पुढे निघाली, आणि आता ती भिंतीला धरून, आमच्यासारखी अडखळत चालली. तो देखावा मला बघवेना.

जेवायला हाताने वळलेल्या जाड शेवया होत्या, मग कोकरू, मग कोवळे वाल आणि मेंढीचं चीज. वाल समोर आले तसे झेलिंदानं ताट बाजूला सारलं. ओत्तोरिनोला वाईन चढली होती. तो टेबलाखाली वाकून पुन्हा पुन्हा म्हणत होता, आपापले बूट तपासा मंडळी, अनवाण्यांच्या गावात आलोय. प्रत्येक वेळी लोरेदाना हसायची आणि प्रत्येक वेळी झेलिंदाही हसायची. शेवटी ती उठून हात धुवायला गेली. मी मागोमाग गेले आणि दार लावून घेतलं.

"आता मला सांग," मी म्हटलं, "कुणाची गं तू?"

नळ चालूच होता. तिनं हात पाण्याखाली धरले होते ते काढले नाहीत, आणि तसंच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती अनवाण्यांची धाकटी. बाप नाझारेनो, दुसऱ्यांच्या मेंढ्या राखायचा. आई बाळंतपणात गेली, आणि समोरच्या घरातल्या पाल्मिरानं, ती तेव्हा स्वतःच पोरगी, हिला कडेवर घेऊन वाढवलं. शहरात एका वकिलाच्या घरी मोलकरणीचं काम मिळालं तेव्हा बूट नसतील तर पोरगी दारात उभी करणार नाही असा निरोप होता. पाल्मिराचं लग्न ठरलं होतं, तिला त्यासाठी बूट केले होते. तिनं ते काढून हिच्या पायात घातले. नाताळला परत आणीन, असं सांगून झेलिंदा निघाली.

वकीलबाईच्या मैत्रिणींनी विचारलं, बाप काय करतो? हिच्या तोंडून निघालं, स्टेशनमास्तर. बारा वर्षांची पोर, येताना वाटेत स्टेशनमास्तर पाहिला होता, त्याची टोपी आवडली होती. एकदा तोंडातून गेलं आणि मग जन्मभर त्या खोट्याला खायला घालावं लागलं. नाताळला गेली नाही, कारण कुणी सोडायला आलं असतं. मग बाप मेल्याचा निरोप आला. तेव्हा हिचं लग्न ठरलेलं, सासरची माणसं मातीला यायला निघाली असती आणि त्यांनी ते घर पाहिलं असतं. हिनं निरोप कुणाला सांगितलाच नाही. त्या दिवशी तिनं वकिलाकडची चांदीची भांडी घासली, दिवसभर.

"आणि आज ती समोर बसून विचारत होती," झेलिंदा म्हणाली, "आणि मी तिला आंधळी ठरवून आले. भुई दुभंगली असती तर बरं झालं असतं, एल्व्हिरा."

मी तिला समजावणारी कोण? मी नळ बंद केला आणि म्हटलं, बस सुटायला अवकाश आहे, जा. ती म्हणाली, लोरेदाना? मी म्हटलं, लोरेदाना आता सगळ्यांबरोबर तेल घ्यायला दुकानात जाईल, तू जा.

ती गेली, आणि मी मागून धापा टाकत. जावं की नाही याचा मी विचार केला नाही. गुडघे दुखत होते, पण अशा वेळी माणसाला एकटं सोडू नये, आणि खरं तर मला राहवलंही नसतं. म्हातारी अजून तिथेच होती, टोपली अर्धी रिकामी झालेली. झेलिंदा तिच्यासमोर उभी राहिली आणि तिनं तोंड उघडलं तेव्हा मला वाटलं, दुसरंच कुणीतरी बोलतंय.

"पाल्मी, म्या अनवान्यांची. नाझारेनोची धाकली."

पाल्मिरानं मान वर केली नाही. "मगाशी पुसलं तवा भाईरची व्हतीस."

"लाज वाटली."

"कुनाची? आमची?"

नाही म्हणेल असं मला वाटलं. कुणीही नाहीच म्हटलं असतं.

"व्हय," झेलिंदा म्हणाली. "तुमची. घराची. बाची."

पाल्मिरानं हातातली शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले. खरं बोललीस ते बरं केलंस, म्हणाली. मग तिनं हनुवटीनं समोरच्या टाइलकडे दाखवलं.

"ती कुनी लावली ठावं हाय? म्या. कमिटीवाले म्हनाले, या घराचं कुनी ऱ्हायलं न्हाई, कशाला लावायची? म्या म्हनलं, एक हाय. तुमी समदी घरं घासूनपुसून सारकी केलीत, दारादारात कुंड्या मांडल्या. ती आली तर तिला तिचं घर वळकू कसं येल? पावलं बी मीच काढाया लावली. तू गेलीस तवा तुला धड वाचता कुटं येत व्हतं."

झेलिंदा खाली वाकली आणि बुटांचे बंद सोडू लागली. बंद सुटेना. पाल्मिरानं तिचा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे. या टाचांवर म्या चढले तर उद्या सरळ कबरीत उतरंन. लग्नात आईचं घातलं, म्होरं चिंध्या कोंबून. काय अडलं न्हाई." तिनं टोपलीतली दुसरी शेंग उचलली. "पन येक सांगते. त्या गाइड पोरीला म्या सांगितलं व्हतं, बूट म्या दिलं म्हून. तिनं पळवलं केलं. दिलेल्या बुटांवर कुनी हसत न्हाई गं, पळवलेल्यांवर हसत्यात. रोज हसत्यात, माज्या दारात. पयले म्या सांगायची, न्हाई, पळवलं न्हाईत. मंग दमले. म्हनलं, ती येल तवा तीच सांगंल. आन् तू आलीस आन् त्यांच्यातच हुबी ऱ्हाऊन हसलीस."

झेलिंदानं भिंतीचा आधार घेतला. मी काय करू, असं तिनं विचारलं, ते इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं.

"मला काय पुसतेस? मला तर समदं ठावं हाय. ज्यास्नी ठावं न्हाई ते वर बसमदी बसल्यात."

वरून हॉर्न वाजत होता. आम्ही चढ चढून गेलो. बसमध्ये सगळे आपापल्या जागी, तेलाच्या बाटल्या मांडीवर, आणि उशीर केला म्हणून आमच्याकडे वळून बघणारे. लोरेदानानं विचारलं, "आई, होतात कुठे? मी केवढी घाबरले."

झेलिंदा उभी राहिली. ओठ हलले. मी तिच्या मागेच होते.

"चष्मा विसरला होता," ती म्हणाली आणि बसली.

मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. बस सुटली. मी माझ्या जागेवर बसून तिच्या मानेकडे पाहत होते, त्या मानेवर एक केसही विस्कटलेला नव्हता. घाटाची दोन-तीन वळणं गेली असतील. ओत्तोरिनोनं सोडतीची पिशवी काढली, मायक्रोफोनवर फुंकर मारली आणि जाहीर केलं, "पहिलं बक्षीस, बुटांचा एक जोड. जपून ठेवा, मालक अजून शोधतायत." बस खदखदून हसली. लोरेदानाही हसली.

झेलिंदा उठली. वळणावर बस कलली तरी तिनं सीट धरली नाही, तिरपे पाय टाकत ती पुढे गेली आणि तिनं ओत्तोरिनोपुढे हात केला. चिठ्ठी काढायची असेल असं समजून त्यानं पिशवी पुढे केली. तिनं मायक्रोफोन घेतला.

"म्या अनवान्यांची हाय," ती म्हणाली. "ते घर माजं. बूट पळवलं नव्हतं, पाल्मिरानं दिलं व्हतं, तिच्या लग्नाचं. परत द्यायला म्या गेले न्हाई, त्यो दोष माजा, तिचा न्हाई, माज्या भनींचा न्हाई. माजा बा लोकांची मेंढरं राखायचा. ठेसन कुटलंच नव्हतं."

तिनं मायक्रोफोन परत दिला आणि येऊन जागेवर बसली. ओत्तोरिनो पिशवी हातात घेऊन तसाच उभा राहिला, मग त्यानं ती गुपचूप पायाखाली सरकवली. त्या दिवशी सोडत झाली नाही, आणि त्याबद्दल कुणी विचारलंही नाही. इंजिनाचा आवाज आणि बाटल्यांची किणकिण, एवढंच काय ते.

लोरेदाना खिडकीबाहेर बघत होती. तिला राग आला असेल असं मला वाटलं, इतकी वर्षं फसवलं म्हणून. पण सपाटीवर आल्यावर ती सासूकडे वळली तेव्हा तिच्या तोंडावर राग नव्हता.

"आई," ती म्हणाली, "मग तिथे दारात तुम्ही आमच्या सगळ्यांपेक्षा मोठ्यांदा का हसलात?"

"न हसणारी मी एकटीच राहिले असते," झेलिंदा म्हणाली. "मग कळलं असतं."

लोरेदानानं फोन काढला. मागच्या सीटवरून मला दिसलं, तिनं तो फोटो उघडला, मीच काढलेला. टाइलखाली उभी राहून, आपला एक पाय उघडा करून हसणारी ती, आणि कोपऱ्यात खुर्चीवरून बघणारी पाल्मिरा. तिनं तो बराच वेळ पाहिला, मग फोन पर्समध्ये ठेवला. शहर येईपर्यंत तिची मान वर झाली नाही, आणि खरं सांगायचं तर माझीही नाही.